मिनिटाला दहा

मारोतमामा समोर आले की तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी तुमच्या कानशिलाकडे बघतात, मग भुवयांच्या वर, मग हळूच एक पाऊल सरकून डोक्याच्या मागल्या बाजूला. नव्या माणसाला वाटतं, आपल्या केसांत काडीकचरा अडकलाय. तो डोकं चाचपायला लागतो. तेवढ्यात मामा समजुतीच्या सुरात म्हणतात, "असू द्या, असू द्या. कवाडं जरा जाम हायत. बाकी मामला बरा हाय."

कवाडं म्हणजे माथ्यावरची दोन मोठी हाडं. कानशिलाच्या आत जे हाड आहे ती पाकोळी, कारण ते पंख पसरून बसलेल्या पाकोळीसारखं दिसतं. उशीला टेकतो तो भाग म्हणजे मागली वाटी. अशी एकूण बावीस हाडं आपल्या डोक्यात आहेत आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणे ती एकमेकांवर हलतात. अगदी किंचित, पण हलतात. अख्खं डोकं आधी रुंद होतं, मग लांब होतं, पुन्हा रुंद होतं. धडधाकट माणसाचं मिनिटाला दहा वेळा. त्याचा श्वासाशी संबंध नाही, नाडीशी नाही. ते आपलं आपलं चालू असतं, जन्मल्यापासून.

परदेशात ह्याला कवटीची ऑस्टिओपॅथी म्हणतात. आमच्या चुडाव्यात ह्याला "मामाकडून डोकं धरून घेणं" म्हणतात.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं औषधांचं दुकान आहे. समोर मामांचं घर, आणि मधे कडुलिंबाचं एक झाड, त्याला दगडी पार. झाडाच्या अलीकडे मी डोकेदुखीच्या गोळ्या विकतो आणि पलीकडे मामा तीच डोकी हातात घेऊन बसतात. गिऱ्हाईक कपाळ दाबत माझ्याकडे यायला निघतं आणि झाडाखालीच गळतं. ह्याचा मला राग यायला हवा होता. येतही असे. पण दुपारच्या वेळी त्या पारावर जे चालतं, ते बघताना राग टिकत नाही.

पारावर घोंगडी अंथरलेली असते. माणूस उताणा झोपतो. मामा त्याच्या डोक्याशी मांडी घालून बसतात, दोन्ही हातांची बोटं कानाच्या पुढे-मागे पसरतात, "आहिस्ता, आहिस्ता" असं स्वतःच्याच हातांना बजावतात आणि डोळे मिटतात. मग काहीच होत नाही. रस्त्यावरून एखादी म्हैस जाते. लिंबोळी पडते. उन्हात स्टेशनचा पत्रा पाण्यासारखा लकलकत असतो. दहा मिनिटं जातात, पंधरा जातात, आणि घोंगडीवरचा माणूस तोंड उघडं टाकून झोपलेला असतो. मामांच्या खांद्यावर कायम निळ्या चौकड्यांची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, असते. ती घसरून त्याच्या अंगावर पडते आणि मामांना त्याचा पत्ता नसतो. एकदा ती आमच्या तलाठ्याच्या तोंडावर पडली. तो वीस मिनिटं दस्तीखाली पडून होता आणि उठल्यावर म्हणाला, असा अंधार त्याने लहानपणानंतर बघितला नव्हता.

मामा रेल्वेत चावीवाले होते. चावीवाला म्हणजे रोज ठरलेल्या पट्ट्यातून रुळांवरून पायी चालत जाणारा माणूस. खांद्यावर हातोडा, हातात पाना. रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या असतील तर ठोकायच्या, बोल्ट आवळायचे, सांधे बघायचे. दोन रुळांच्या मधे पूर्वी बोटाएवढी फट ठेवत. उन्हाळ्यात लोखंड वाढतं आणि फट मिटते, हिवाळ्यात ते आखडतं आणि फट उघडते. फट नसेल तर आमच्याकडच्या उन्हात रूळ असा वाकतो की गाडी शेतात जाईल. मामांनी आयुष्यभर ही फट सांभाळली. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तिच्यातून आलंय. "सांध्याला जागा पायजे," हे वाक्य ते रुळाबद्दल बोलतात, डोक्याबद्दल बोलतात, आणि दोन भावांच्या वाटणीबद्दलही बोलतात. आता सांधे वितळवून रूळ मैलोन्‌मैल जोडून टाकतात, तर मामांना ते बघवत नाही. "गाडीचा ताल गेला," म्हणतात. "आता नुसती घसरत जाती."

हे डोक्याचं वेड त्यांना कसं लागलं, ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मीच त्या फलाटावर होतो असं मला वाटायला लागलंय.

हिवाळ्याची सकाळ होती. थंडीने एक रूळ तडकला होता आणि मामांच्या हातोड्याला त्याचा आवाज फुटक्या मडक्यासारखा लागला. मामा लाल झेंडी घेऊन पळत सुटले. गाडी थांबली, मागे आणून चुडाव्याला उभी केली आणि दोन तास उभीच राहिली. पळाल्याने मामांचं डोकं ठणकत होतं. ते फलाटावरच्या बाकड्यावर डोकं धरून बसले, तेव्हा डब्यातून एक गोरी बाई उतरली. कुठल्या देशाची ते मामांना अजून माहीत नाही. "थंडीच्या मुलखातली" एवढंच ते सांगतात. तिने खुणेने विचारलं आणि मामांचं डोकं आपल्या हातांत घेतलं.

"आमच्या मायनंतर माझ्या डोक्याला कुनी तसा हात लावला न्हाई," मामा सांगतात. "मला वाटलं, मी पान्यावर पडलोय आन पानी वर-खाली व्हायलंय."

बाईंची भाषा मामांना येत नव्हती. नांदेडला निघालेल्या एका सरदारजींनी तिचं बोलणं हिंदीत सांगितलं आणि मामांनी ते आपल्या मराठीत साठवलं. इतक्या गाड्या बदलून आलेलं ज्ञान वाटेत किती सांडलं असेल कोण जाणे. जाताना बाईंनी कवटीच्या चित्राचा एक छापील कागद दिला. बावीस हाडं बावीस रंगांत. मामांनी तो लॅमिनेट करून घरात लावलाय, त्यांच्या आणि मामींच्या लग्नाच्या फोटोशेजारी.

मी एकदा त्यांच्याशी वाद घातला. मी शेवटी औषधशास्त्राचा डिप्लोमावाला माणूस. म्हटलं, मामा, मोठ्या माणसाची हाडं जुळून घट्ट झालेली असतात, ती हलायची नाहीत.

"लेकराची टाळू हालती का न्हाई?"

"हलते."

"डोळ्यानं दिसती?"

"दिसते. पण मग ती भरते ना मामा."

"भरती. आमची माय तेलाचा बोळा ठिवून गावातल्या शंभर लेकरांची टाळू भरायची. मला सांग, आतलं हालणं कुटं जातंय? वरून कवाड लावलं म्हणून घरातली मानसं मरत्यात का?"

मी उठून दुकानात गेलो. उत्तर नव्हतं म्हणून नव्हे. एक गिऱ्हाईक आलं होतं.

मामा माणसं ओळखतात ती डोक्याच्या हालचालीवरून. त्यांच्या हिशेबी डोकी चार जातींची. पीळ पडलेलं, एका अंगाला कललेलं, सरकलेलं आणि जाम. आमचे सरपंच जाम. सरपंचांचे विरोधक सरकलेले. एकदा ग्रामसभेच्या आधी दोघांनाही डोकेदुखी झाली, कारण एकच, ती सभा. मामांनी दोघांना पारावर आजूबाजूला झोपवलं आणि आळीपाळीने डोकी धरली. दोघेही झोपले. सभा झाली नाही. जागे झाल्यावर दोघे एकमेकांकडे असे बघत होते की जणू आपण कुठल्या गावात आहोत हे विचारायचंय.

ह्या विद्येचे तोटेही झाले. एका मुलीच्या बापाने मामांना स्थळ बघायला सोबत नेलं. मुलगा नोकरीवाला, घर बरं, पोह्यांत शेंगदाणे भरपूर. मामा निम्म्या पोह्यांवरून उठले आणि मुलाच्या मागे जाऊन उभे राहिले. परत येताना बापाने विचारलं, कसा वाटला? मामा म्हणाले, "पोरगा लय चांगला. पर पाकोळी कलती हाय, त्याला आयकून घ्यायला जरा येळ लागंल." लग्न झालं. पोरगी माहेरी आली की अजून म्हणते, मामा बरोबर होते.

आणि बिराच्या मेंढ्याची गोष्ट तर पंचक्रोशीत माहीत आहे. बिरा मेंढरं राखतो. त्याचा एक एडका दिसेल त्याला टक्कर देत सुटला होता. मामा म्हणाले, टकरा मारून त्याच्या कपाळपट्टीचा सांधा बसलाय. त्यांनी एडक्याचं डोकं धरलं. आश्चर्य म्हणजे एडका पाव तास हूं की चूं न करता उभा राहिला, पापण्या अर्ध्या मिटून, खालचा ओठ लोंबलेला. मामांनी हात काढले, मोठ्या समाधानाने वळले, आणि एडक्याने त्यांना कमरेत अशी दिली की ते माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत आले. "बगितलंस?" मामा पायरीवरूनच म्हणाले. "मोकळा झाला." कमरेला लावायचं मलम मी त्यांना दिलं.

बाईमाणसाच्या डोक्याला मामा हात लावत नाहीत. बाया विचारायला येतात, तेव्हा ते त्यांच्या लेकाला किंवा नवऱ्याला बोलावून घेतात आणि डोकं कसं धरायचं ते शिकवतात. त्यामुळे आमच्या गावात दुपारी कुणाच्याही ओसरीवर बघा, मिशीवाला लेक म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन डोळे मिटून बसलेला दिसेल. त्याला काही कळत नसतं. म्हातारीचं डोकं दुखायचं थांबतं हे मात्र मी माझ्या गल्ल्यावरून सांगू शकतो.

फक्त एकाच बाईचं डोकं मामांनी स्वतः धरलं होतं. त्यांच्या बायकोचं, गयामामींचं. मामींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, वाचाही गेली, आणि सात महिने त्या खाटेवर पडून होत्या, मग वारल्या. त्याला आता दोन वर्षं झाली. त्या दिवसांत औषधं पोचवायला मी रोज दुपारी जात असे. पण हे मी नंतर सांगतो, कारण तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, मीही मामांकडून डोकं धरून घेतलंय. दुकान अर्धं लावून, इकडे-तिकडे बघून. मामांची बोटं लागली की नाही तेच कळेना, इतकी हलकी. मग कधीतरी मला वाटलं, झाड हळूहळू आत येतंय आणि बाहेर जातंय. मालगाडी गेली तिचा आवाज माझ्या पायांकडून येऊन डोक्यातून निघून गेला. मला माझ्या शाळेतलं दप्तर दिसलं, त्यातला डबा दिसला, डब्यातलं लोणच्याचं तेलही दिसलं. जागा झालो तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि दुकानासमोर तीन गिऱ्हाइकं मला न उठवता उभी होती.

इतकं सगळं असून मी जे केलं ते केलं.

वैशाखातली दुपार. पूर्णा नदीच्या पात्रातलं एक मोठं टरबूज मी घेऊन ठेवलं होतं, दुकानाच्या फळीवर. बिरा होता, तलाठी होता, आणखी दोघं-तिघं सावलीला आलेले. मी मोबाईलवर वाचत बसलो होतो आणि त्यात मला मामांचंच प्रकरण सापडलं. दोन जाणकारांनी एकच डोकं धरून मोजलं तर आकडे जुळत नाहीत. कदाचित धरणाऱ्याला स्वतःच्याच बोटांतलं रक्त आणि स्वतःचाच श्वास जाणवत असेल, असं लिहिलं होतं. हे मी मामांना एकट्याला सांगू शकलो असतो. मी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. वर म्हणालो, "मामा, हे टरबूज धरून बगा बरं. डोळे मिटून."

"धरतो की," मामा म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं. खरं करून बघायचं असेल तर बघू, असा त्यांचा स्वभाव.

त्यांनी टरबूज पारावर ठेवलं, मागे मांडी घातली, बोटं पसरली. "आहिस्ता, आहिस्ता." दस्ती घसरून टरबुजावर पडली. आम्ही हसू दाबून धरलं होतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. मामांच्या कपाळावर एक आठी पडली, मग ती गेली आणि चेहरा लहान मुलासारखा झाला.

"दहा," मामा म्हणाले.

बिरा ताक पीत होता, त्याच्या नाकातून ताक आलं. तलाठी पारावरून घसरला. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो, हे सांगितलंच पाहिजे. मामा हसले नाहीत. त्यांनी डोळे उघडले, टरबुजाकडे बघितलं, मग आपल्या बोटांकडे.

"हे मी घिऊन जाऊ का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, गंमत करायलेत. म्हटलं, न्या की. ते टरबूज पोटाशी धरून घरात गेले आणि दार लोटलं.

दुसऱ्या दिवशी पारावर घोंगडी अंथरली गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. डोकी सगळी माझ्याकडे यायला लागली. मी गोळ्या देत होतो आणि समोरचा रिकामा पार बघत होतो. आठव्या दिवशी बिरा मेंढरं घेऊन चालला होता, तो थांबला आणि म्हणाला, "परकाशभाऊ, मामा टरबुजाला घिऊन बसायलेत वो. मी खिडकीतून बगितलं. लय वंगाळ दिसायलंय."

तेव्हा मी दुकान तसंच सोडून गेलो.

मामा मामींच्या खाटेशी बसले होते. खाटेवर उशी, उशीवर टरबूज, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मामांचे हात. डोळे मिटलेले. हसण्यासारखंच होतं ते, पण मी दारातच थांबलो.

"परकाश हायस न्हवं?" ते डोळे न उघडता म्हणाले. "दारात ऱ्हाऊ नको, आत ये. सकाळी धरलं, दहा. आता बी दहाच. काल नुसती उशी धरून बगितली. उशीचं बी दहा."

"मामा, मी चेष्टा केली. चुकलं माझं."

"तुजं काय चुकलं? खरं ते खरं." त्यांनी हात काढले आणि मांडीवर ठेवले. "रुळाला कान लावला की दोन मैलावरची गाडी आयकू यायची मला. जनमभर. आता वाटायलंय, गाडी बी माज्या कानातच व्हती का काय."

मी खाली बसलो. बाहेर उन्हात कुठेतरी होला घुमत होता. मग त्यांनी जे सांगितलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नसावं.

"गयाचा बाप वारला तवाची गोष्ट हाय. तिचं माहेर सोनपेठकडं. मी तिला म्हन्लो, मला रजा मिळंना, तू हो म्होरं. ती एकटी गेली, एस्ट्या बदलत. बापाचं सगळं एकटीनं बगितलं. परकाश, मी रजा मागितलीच नव्हती. मला ती रडारड बगवत न्हाई. रुळावर चालताना बरं वाटायचं, तवा चालत ऱ्हायलो. तिनं परत आल्यावर काई इचारलं न्हाई. पर तिला ठावं व्हतं. तितं आमचा सांधा जाम झाला, त्यो तीस वर्सं जामच. भाकरी द्यायची, डबा द्यायची, बोलायची बी. पर जाम."

त्यांनी उशी उगाच सारखी केली.

"मंग तिच्या अंगावरनं वारं गेलं. डाक्टर म्हन्ले, हिला आता कळत नसंल काई. मी म्हन्लो, बगू. रोज दुपारी डोकं धरायचो आन बोलायचो. रुळावर काय काय बगितलं, डब्यातली अर्दी भाकरी कोनच्या कुत्र्याला घालायचो, समदं सांगितलं. मी बोलायलो की तिच्या डोक्यातलं हालणं जरा थांबायचं, सिग्नलला गाडी थांबती तसं. मला वाटायचं, आयकायली. मंग एक दिस त्या रजेचं सांगितलं. माफी मागितली. तवा ते थांबलं. बिलकुल थांबलं. मी बी दम धरून बसलो. आन मंग सुटलं बग परकाश, असं रुंद, असं सावकाश... मला वाटलं, केलं तिनं माफ."

ते टरबुजाकडे बघत होते.

"आता हे म्हनायलंय, ती माजीच बोटं व्हती. मंग मला माफ कुनी केलं? मीच?"

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि त्याच क्षणी मला आठवलं. आठवलं म्हणजे, ते मला कायमच माहीत होतं. फक्त ते मामांना माहीत नसेल असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मामा," मी म्हणालो, "मामींचं डोकं धरताना तुमी डोळे मिटायचे ना?"

"मिटल्याबिगर कळत न्हाई."

"मामींचे उघडे असायचे."

मामांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. कानशिलाकडे नाही, कपाळाकडे नाही, सरळ तोंडाकडे.

"मी औषधं घेऊन यायचो ना रोज. ह्या उंबऱ्यावरून दिसायचं. तुमी इथं बसून बोलत असायचे आन मामी अशा डोळे वर करून तुमच्याकडं बघत असायच्या. उशीवरून, खालून वर. तुमचं बोलणं थांबलं की डोळे मिटून घ्यायच्या, तुमी उघडायच्या आत. मला वाटायचं नवरा-बायकोतलं काहीतरी हाय, आपण बघू नये. मी पाय न वाजवता पिशवी ठेवून जायचो."

"रोज?"

"मी आलो तेव्हा तर रोज. आन एक दिवस तुमी सोनपेठचं काहीतरी बोलत होते. रजेचं मी ऐकलं न्हाई, सोनपेठ एवढंच कानावर आलं. तेव्हा मामींनी डावा हात वर केला. खांद्यावरून तुमची दस्ती लोंबत होती, तिचं टोक धरलं. मुठीत. मी बघत होतो तोवर सोडलं न्हाई. मी निघून गेलो."

खांद्यावरची दस्ती मामांनी हळूच ओढून मांडीवर घेतली आणि तिचं टोक बोटांनी सरळ करत बसले.

"तिच्या मुठीत सापडायची," ते शेवटी म्हणाले. "लय बार सापडायची. मी म्हनायचो, घसरली. एक-एक बोट उलगडून सोडवून घ्यायचो." मग जरा थांबून, "आवळून धरल्याली असायची, परकाश. सोडवायला येळ लागायचा."

मग मामा रडले. ज्या रडारडीला घाबरून ते रुळावर चालत राहिले होते, तीच. मीही त्यांच्याशेजारी बसून राहिलो, कारण ह्या वेळी पाय न वाजवता निघून जायचं नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी दस्तीने तोंड पुसलं आणि टरबुजावर टिचकी मारली. "काप हे. आट दिस झाले, नासून जाईल."

विळीवर मी ते कापलं. आतून फिकं निघालं, एका बाजूने उतरलंही होतं. आम्ही चांगली बाजू खाल्ली. मामा बिया मोजून ताटलीच्या कडेला लावत होते.

हाडं हलतात का, हे मला आजही माहीत नाही. मामांनाही आता ते विचारावंसं वाटत नाही, निदान माझ्यापाशी तरी. पारावर पुन्हा घोंगडी आलीय. फरक एकच पडलाय. डोकं धरल्यावर मामा अधूनमधून एक डोळा उघडून खाली बघून घेतात.

त्या दिवशी मात्र टरबूज संपल्यावर ते हात धुऊन आले आणि मामींच्या खाटेवर आडवे झाले.

"जरा धर," म्हणाले. "समद्या गावाची धरली. माजं एकदाच धरलंय, त्या बाईनं."

मी मांडी घातली. त्यांनी सांगितलं तशी बोटं कानाच्या पुढे-मागे पसरली. डोकं वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं आणि ऊबदार. केस विरळ, तेल लावलेलं नव्हतं.

"आहिस्ता," मामा म्हणाले. "आन डोळे मिट. मिटल्याबिगर कळायचं न्हाई."

मी हो म्हणालो, पण मिटले नाहीत. मामांनी मात्र मिटले. बाहेर पूर्णा स्टेशनकडची गाडी येत होती, एकसारखी, घसरत. माझ्या बोटांखाली काहीतरी सावकाश रुंद होत होतं, किंवा माझी बोटंच होत असतील. गाडी जवळ आली तसा मामांचा हात उशीवर चाचपडत गेला, दस्तीचं टोक त्यांना सापडलं आणि त्यांनी ते मुठीत धरलं.

"किती?" त्यांनी झोपेतल्यासारखं विचारलं.

"मोजायलोय मामा," मी म्हणालो. "पडून ऱ्हा."